जळालेल्या फ्यूजांचा हिशेब

१९८०च्या दशकातले किंवा त्याच्या थोडे पुढचे एखादे एक्सपान्शन कार्ड उलटसुलट करून पाहिले, मग ते मेमरी वाढवणारे असो, हार्ड डिस्क जोडणारे असो की आवाज काढणारे, तर त्यावरच्या बहुतेक चिप ओळखीच्या निघतात. ७४ मालिकेतल्या साध्या चिप, मेमरीच्या रांगा, एखादी रॉम. त्यांच्यावर छापलेल्या क्रमांकाची दुसरी चिप आणून बसवली की काम भागते. या घोळक्यात २० किंवा २४ पायांच्या एक-दोन चिप मात्र बहुधा वेगळ्या असतात. त्यांच्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली असते आणि पट्टीवर जागेचा क्रमांक व आवृत्ती लिहिलेली असते. पट्टी सोलली की खाली पॅल १६एल८ किंवा गॅल १६व्ही८ असा सर्वसाधारण क्रमांक दिसतो. त्याच क्रमांकाची कोरी चिप बसवली तर कार्ड ढिम्म हलत नाही. कार्डाच्या कर्त्याने त्या चिपमध्ये जे तर्कशास्त्र भरले, ते क्रमांकात नसते आणि डेटाशीटमध्येही नसते. ते फक्त त्या चिपच्या पोटात असते. अशा चिपमधला मजकूर ती बिघडण्याआधी बाहेर काढून जपणे हे जुन्या संगणकांच्या जतनातले सर्वांत किचकट काम आहे.

चिपचे काम मुळात अगदी साधे असते. आयबीएम पीसीच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या साउंड ब्लास्टर कार्डाचा नेहमीचा पत्ता २२० हेक्स. त्या काळची कार्डे पत्त्याच्या दहा तारा पाहत, ० ते ९ क्रमांकाच्या. हा पत्ता आला हे ओळखायचे तर नववी आणि पाचवी तार उंच हवी. आठवी, सातवी, सहावी आणि चौथी खाली हवी. आणि डीएमए चालू असल्याचे सांगणारी एईएन नावाची तारही खाली हवी. उरलेल्या चार खालच्या तारा कार्डातल्या सोळा रजिस्टरांपैकी एक निवडायला मोकळ्या. या सात अटी एकदम जुळल्या की ‘हा निरोप आपल्याला आहे’ असे कार्डाने समजायचे. सुट्या गेटांनी हे करायला दोन-तीन चिप खर्ची पडतात. पॅलमध्ये ते एका ओळीत बसते, आणि बाकीच्या ओळींत डेटा बफरची दिशा, वाचन-लेखनाचे इशारे, प्रोसेसरला थांबवण्याची सूचना अशी किरकोळ पण अडून राहणारी कामे उरकता येतात. कार्डाचा आकार आणि खर्च दोन्ही घटत. शिवाय चूक सापडली तर बोर्ड न बदलता नुसती चिप बदलता येई. म्हणून तर पट्टीवर आवृत्ती लिहायची पद्धत.

ही कल्पना पॅलच्याही आधीची. सिग्नेटिक्स कंपनीची ८२एस१०० ही चिप १९७५ची. तिच्यात ‘आणि’चा भाग आणि ‘किंवा’चा भाग हे दोन्ही वापरणाऱ्याला ठरवता येत. पुढे कमोडोर ६४ या घरगुती संगणकात तिचाच अवतार बसला. मोनोलिथिक मेमरीज या कंपनीतल्या जॉन बर्कनर आणि एच. टी. चुआ यांनी १९७८मध्ये ‘किंवा’चा भाग कायमचा जोडून टाकला, आणि पॅल जन्माला आली. लवचीकपणा थोडा कमी झाला. त्याच्या बदल्यात चिप लहान, वेगवान आणि स्वस्त झाली. समीकरणे लिहून फ्यूजांचा नकाशा मिळवण्यासाठी बर्कनर यांनी फोर्ट्रान भाषेत पॅलॅझम हा प्रोग्राम केला. डेटा जनरल कंपनीने एक्लिप्स एमव्ही/८००० या संगणकात या चिपवर मोठी भिस्त ठेवली, तेही एकच कंपनी त्या बनवत असताना. ट्रेसी किडर यांच्या ‘द सोल ऑफ अ न्यू मशीन’ या पुस्तकात त्या जोखमीची हकिगत आली आहे. १९८५मध्ये लॅटिस कंपनीने विजेने पुसून पुन्हा भरता येणारी गॅल आणली, १९८७मध्ये मोनोलिथिक मेमरीज ही एएमडीत विलीन झाली. कार्डांवर पॅल आणि गॅल या दोन्ही जातींच्या चिप सापडतात.

पॅल १६एल८ची रचना एकदा डोळ्यांपुढे आली की पुढची सगळी भानगड समजते. आत ३२ उभ्या रेघा असतात: सोळा संकेत आणि त्यांचे सोळा उलट. आडव्या ओळी ६४. प्रत्येक छेदावर एक सूक्ष्म फ्यूज, म्हणजे एकूण २०४८. कोऱ्या चिपमध्ये सगळे फ्यूज शाबूत असतात. नको असलेले जोड प्रोग्रामर यंत्र जास्तीचा दाब देऊन जाळून टाकते. आडवी ओळ म्हणजे तिला जोडलेल्या संकेतांचा ‘आणि’. ओळीतला एकही फ्यूज जाळला नाही तर तीत प्रत्येक संकेत आणि त्याचा उलट दोन्ही येतात, म्हणून ती कायम खोटी ठरते. सगळे जाळले तर अटच उरत नाही, म्हणून ती कायम खरी. आठ आउटपुटांना प्रत्येकी आठ ओळी. त्यांतल्या सात ‘किंवा’ने एकत्र होतात, आठवी मात्र ते आउटपुट चालू ठेवायचे की सोडून द्यायचे हे ठरवते. या आठव्या ओळीला वाचनाच्या वेळी भलतेच महत्त्व येते.

चिपवरचा क्रमांकही जपून वाचावा लागतो. पॅल१६एल८एसीएन यातला १६ म्हणजे जाळीतले संकेत, एल म्हणजे उलटे आउटपुट, ८ त्यांची संख्या, त्यापुढचा ए वेगाची श्रेणी, सी सर्वसाधारण तापमानाची आणि एन प्लास्टिकच्या आवरणाची खूण. एलऐवजी आर असेल तर आत फ्लिप-फ्लॉप आहेत, म्हणजे चिपला आठवण आहे. काही उत्पादक क्रमांक खरवडून टाकत किंवा आपला घरचा क्रमांक छापत. तेव्हा कोणता पाय कुठे जातो हे बोर्डावर शोधून जात ओळखावी लागते.

नकाशा साठवण्याची पद्धत ठरलेली आहे. जेडेक या मानकसंस्थेच्या साच्यातली मजकूर फाइल, आणि तीत प्रत्येक फ्यूजसाठी एक आकडा: ० म्हणजे शाबूत, १ म्हणजे जळालेला. १६एल८च्या फाइलमध्ये क्यूएफ२०४८ अशी नोंद असते. गॅल १६व्ही८साठी हा आकडा २१९४, कारण तिच्यात २०४८च्या जाळीखेरीज आउटपुटांची घडण ठरवणारे बिट आणि ६४ बिटांची सहीची जागा असते. फाइल छोटी, साधी आणि वाचता येण्याजोगी. चिपमधून ती सरळ बाहेर काढता आली असती तर या लेखाला विषयच उरला नसता.

आडवा येतो तो एकच फ्यूज. जाळीबाहेरचा, शेवटचा. जेडेक फाइलमध्ये त्याच्यासाठी जी हे अक्षर आहे: जी० म्हणजे राहू द्या, जी१ म्हणजे जाळा. चिप भरल्यावर प्रोग्रामर तिच्यात काय भरले गेले हे परत वाचून तपासतो. सुरक्षा फ्यूज जळाला की ही परत वाचण्याची वाट बंद होते. चिप कार्डावर नेहमीसारखी चालते, पण आतला नकाशा दाखवत नाही. स्पर्धकांनी कार्डाची नक्कल करू नये म्हणून ही सोय होती आणि अनेक कंपन्यांनी ती वापरली. गॅलमध्ये फ्यूजच्या जागी एक सुरक्षा कोश असतो. तो मोकळा करायचा एकच मार्ग, अख्खी चिप पुसणे. म्हणजे कुलूप उघडले की तिजोरीही रिकामी. एक गंमत मात्र आहे. गॅलमधली सहीची जागा कुलूप लावल्यावरही वाचता येते. कर्त्याने तिथे आवृत्ती किंवा नाव लिहून ठेवले असेल तर तेवढे हाती लागते.

कुलूप नसलेल्या चिपचेही सगळे सोपे नाही. आजचे स्वस्त प्रोग्रामर गॅल वाचतात, पण जुन्या बायपोलर पॅलना वेगवेगळ्या पायांवर जे चढे दाब लागतात ते त्यांच्याकडे नसतात. त्यासाठी डेटा आय/ओ कंपनीचे २९बी किंवा युनिसाइट यांसारखे त्या काळचेच यंत्र लागते, चालू स्थितीतले. म्हणजे एक जुने यंत्र जपायला दुसरे जुने यंत्र आधी जपायचे.

कुलूपबंद चिपच्या बाबतीत मात्र जतन करणाऱ्यांनी जी युक्ती बसवली तिला दाद द्यावीशी वाटते. आत पाहता येत नसेल तर बाहेरून सगळे प्रश्न विचारायचे. १६एल८ला दहा पाय निव्वळ इनपुटाचे, सहा पाय दोन्हीकडून चालणारे आणि दोन निव्वळ आउटपुटाचे. दोन्हीकडचे सहाही पाय इनपुट म्हणून धरले तरी सोळा तारांच्या जोडण्या होतात ६५,५३६. ५१२ किलोबिटच्या ईप्रॉममध्येही नेमके तितकेच पत्ते असतात, म्हणून साधा अॅडॉप्टर करून पॅलला ईप्रॉम असल्याचे भासवत ती वाचता येते. काही सेकंदांत प्रत्येक जोडणीचे उत्तर सांगणारी पूर्ण सत्यता सारणी हातात.

पण हे झाले सरळमार्गी चिपचे. अडचण त्या सहा पायांत आहे. त्यांपैकी कोणता इनपुट आणि कोणता आउटपुट हे चिपवर लिहिलेले नसते. आउटपुट असलेल्या पायावर बाहेरून दाब लादला तर दोघांची झटापट होऊन चिप तापते, प्रसंगी जाते. म्हणून प्रत्येक पाय रोधकातून आधी वर ओढायचा, मग खाली ओढायचा. पाय दोन्ही वेळा निमूट मागे आला तर चिप तो चालवत नाही. अडून राहिला तर तो आउटपुट. रोधक निवडायलाही डोके लागते. फार मोठा घेतला तर बायपोलर इनपुटातून बाहेर येणाऱ्या प्रवाहामुळे पाय नीट खाली जातच नाही आणि खोटे उत्तर मिळते. त्यात आठव्या ओळीची करामत अशी की एकच पाय काही परिस्थितीत आउटपुट असतो आणि काहीत मोकळा. म्हणजे ही वर-खाली ओढण्याची चाचणी एकदा करून भागत नाही. इनपुटांच्या प्रत्येक जोडणीला ती पुन्हा करावी लागते, आणि पाय मोकळा सापडला तर त्या जोडणीपुरता त्याला इनपुट धरून पुढे जावे लागते.

त्याहून चिवट प्रकार म्हणजे आउटपुट जाळीत परत फिरवून केलेला लॅच. १६एल८मध्ये फ्लिप-फ्लॉप नसतात, पण कर्त्याने आउटपुट स्वतःच्याच समीकरणात घातले की चिप मागची स्थिती लक्षात ठेवू लागते. मग एकाच प्रश्नाला दोन उत्तरे येतात, आधी काय विचारले त्यावर अवलंबून. ते पकडायला सारणी एकदा चढत्या आणि एकदा उतरत्या क्रमाने वाचतात. दोन्ही वाचनांत फरक दिसला की आत आठवण आहे हे नक्की, आणि तिथून पुढे चिपला अवस्थांचे यंत्र समजून वागवावे लागते.

आर जातीच्या चिप तर मुळातच तशा. १६आर८मध्ये आठ इनपुट, आठ फ्लिप-फ्लॉप, एक पाय क्लॉकचा आणि एक आउटपुटे चालू करण्याचा. सुदैवाने आठही फ्लिप-फ्लॉप पायांवर दिसतात, आतमध्ये लपलेले काही नसते. वाचणारे यंत्र सध्याची अवस्था टिपते, इनपुटांच्या २५६ जोडण्यांपैकी एक देते, क्लॉकचा एक ठोका मारते, नवी अवस्था टिपते. जास्तीत जास्त २५६ अवस्था आणि प्रत्येकीतून २५६ वाटा. अवघड भाग हा की हव्या त्या अवस्थेत थेट उडी मारता येत नाही. आधी कळलेल्या वाटांवरून चालत तिथे पोचावे लागते, आणि एखादी अवस्था अशी निघते की तिथून परत वाटच नाही. मग वीज बंद करून पहिल्यापासून. ज्या अवस्थांपर्यंत कुठूनच पोचता येत नाही त्यांची समीकरणे कोरी राहतात. चालू कार्डाला त्यांची गरज पडू नये. पण वीज येताच फ्लिप-फ्लॉप ठरावीक स्थितीत येतील याची हमी सुरुवातीच्या पॅलमध्ये नसे, तेव्हा मूळ चिप अशा आडरानातून स्वतःला कशी सोडवत होती हा प्रश्न उरतोच.

सारणी मिळाल्यावर तिची समीकरणे करायची. सात ओळींत बसेल इतकी ती आटवण्याचे काम बर्कलीच्या विद्यापीठात वाढलेला एस्प्रेसो हा प्रोग्राम करतो. व्हिडिओ गेमची जुनी यंत्रे जपणाऱ्या मेम प्रकल्पातला जेडयुटिल हा प्रोग्राम जेडेक फाइलींची उलटसुलट रूपांतरे करतो आणि फ्यूजनकाशावरून समीकरणेही दाखवतो. नवी गॅल किंवा तिच्या जागी चालणारी अॅटमेलची एटीएफ१६व्ही८बी ही चिप भरली, कार्डावर बसवली, कार्ड चालू झाले. पुष्कळदा गोष्ट इथे संपते. अडचणींची खरी यादी मात्र इथूनच सुरू होते.

सत्यता सारणी म्हणजे किराण्याच्या बिलाची एकूण रक्कम. कोणत्या जिनसांची बेरीज होऊन ती आली हे तीवरून कळत नाही. लॅचचेच उदाहरण घेऊ. दार उघडे असताना आलेला संकेत पुढे जाऊ द्यायचा, दार बंद असताना जुना धरून ठेवायचा, या दोन ओळी तर्काला पुरेशा आहेत. पण दार बंद होण्याच्या क्षणी एक ओळ विझते आणि दुसरी पेटते, यांत काही नॅनोसेकंदांची फट पडू शकते. त्या फटीत धरलेला संकेत निसटतो. म्हणून जाणता कर्ता तिसरी ओळ घालतो: आलेला संकेत आणि धरलेला संकेत दोन्ही उंच असतील तर दाराकडे पाहूच नका. सारणीच्या दृष्टीने ही ओळ फालतू आहे, तिच्यामुळे एकही उत्तर बदलत नाही. एस्प्रेसो तिला इमानेइतबारे काढून टाकतो. नवी चिप टेबलावर सगळ्या चाचण्या पास होते आणि कार्डावर तासा-दोन तासांनी एकदा गोंधळ घालते. उपाय हाच की कोणते आउटपुट क्लॉक किंवा लॅच म्हणून वापरले आहे हे बोर्डाच्या रेघा शोधून पाहायचे आणि तिथे अशा ओळी हाताने परत घालायच्या.

दुसरी गोष्ट वेळेची. पहिल्या पिढीच्या पॅलला संकेत पार करायला जास्तीत जास्त ३५ नॅनोसेकंद लागत. ए श्रेणीला २५, बी श्रेणीला १५. मेमरी कार्डांवर काही कर्ते हा उशीरच साधन म्हणून वापरत. संकेत एका आउटपुटातून काढायचा, तो जाळीत परत घ्यायचा, दुसऱ्या आउटपुटातून सोडायचा. दोन फेऱ्यांचा उशीर फुकटात मिळाला. सारणीत हे दिसते कसे? दुसरे आउटपुट इनपुटाबरोबरच बदलते, एवढेच. आटवलेल्या समीकरणात मधला टप्पा उडतो, उशीर निम्मा होतो. त्यावर आजची १० नॅनोसेकंदांची चिप बसवली की उरलेला उशीरही आक्रसतो आणि डायनॅमिक मेमरीचे पत्ते अवेळी पकडले जातात. वेगवान चिपच्या कडाही तीक्ष्ण असतात. दोन थरांच्या जुन्या बोर्डावर त्यांनी होणारी थरथर शेजारच्या तारांत उतरते. सारणी ईप्रॉममध्ये भरून ती पॅलच्या जागी बसवण्याचा स्वस्त मार्ग याच कारणाने फसतो. कमोडोर ६४मधल्या ८२एस१०० जातीच्या चिपच्या जागी लोक ५१२ किलोबिटचे ईप्रॉम बसवतात तेव्हा तर्क बरोबर असतो, पण पत्ता बदलताना ईप्रॉमच्या आउटपुटांवर क्षणभर काहीही उमटते आणि काही यंत्रांत ते चालत नाही.

काळजीचा खरा विषय आहे वय, आणि इथे जुन्या-नव्याचा हिशेब उलटा आहे. पॅलमधला फ्यूज म्हणजे धातूची पट्टी. एकदा जळाला की जळाला. टायटॅनियम-टंगस्टनच्या फ्यूजांचा नकाशा चाळीस वर्षांनीही तसाच असतो. आवरण काढून चिप सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर अनेक पॅलमध्ये जळालेले फ्यूज प्रत्यक्ष मोजता येतात. सिरॅमिकचे झाकण निघते, प्लास्टिकला धूमायमान नायट्रिक आम्ल लागते; यात ती चिप बहुधा कामातून जाते, पण सुरक्षा फ्यूजला बगल देऊन नकाशा जसाच्या तसा मिळतो, फालतू वाटणाऱ्या ओळींसकट. गॅलमध्ये असे दिसण्यासारखे काही नाही. तिथे मजकूर असतो तो तरंगत्या गेटवर साठलेल्या विद्युतभाराच्या रूपात, आणि त्याच्या टिकावाची लॅटिसची हमी होती २० वर्षांची. १९९०च्या सुमाराची कार्डे ही मुदत कधीच ओलांडून गेली. थंड जागी भार मुदतीपलीकडे बराच टिकतो. पण प्रोसेसरचा वेग वाढवणाऱ्या कार्डांवर या चिप तासन्‌तास तापत राहिल्या आहेत. भार उतरू लागला की चिप एकदम मरत नाही. एखादा कोश कधी जोडलेला वाटतो, कधी तुटलेला. म्हणून गॅल वाचताना पुरवठ्याचा दाब ४.७५ व्होल्टपासून ५.२५पर्यंत बदलून पाहतात आणि जमल्यास दोन वेगळ्या कार्डांवरची एकाच आवृत्तीची चिप ताडून पाहतात. एकाच कार्डावरून घेतलेली प्रत बिघडलेल्या चिपची अचूक प्रत असू शकते.

कार्डावरून चिप काढण्यातही धोका आहे. सॉकेटमध्ये असेल तर ठीक. थेट झाळलेली असेल तर जमिनीच्या थराला जोडलेला पाय उष्णता पिऊन घेतो आणि घाई केली की भोकाचे अस्तर निघून येते. काढलेली चिप जुन्या काळ्या फोममध्ये खोचून ठेवली तर तो फोम काही वर्षांत चिकट होऊन पाय खातो. चिपवरच्या पट्टीचा फोटो घेतल्याशिवाय ती सोलू नये, कारण आवृत्तीचा दुसरा पुरावा सहसा कुठेच नसतो.

मूळ समीकरणे कर्त्याकडूनच मिळणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग, आणि तो क्वचितच उघडतो. १९९४मध्ये दिवाळे काढलेल्या कमोडोरचे अभियंते डेव्ह हेनी यांनी आपल्या कामाचे कागद जपले होते. अमिगा २००० या संगणकात बसणाऱ्या ए२६३० या ६८०३० प्रोसेसरच्या कार्डाची पॅल-समीकरणे त्यांनी खुली केली. अशा फाइलींत टिपणे असतात, संकेतांना नावे असतात, अमुक ओळ का घातली याचे कारण असते. बाहेरून वाचलेल्या चिपच्या समीकरणांत पायांचे क्रमांक तेवढे असतात आणि नावे बोर्डावरून अंदाजाने द्यावी लागतात. बहुतेक कार्ड-कंपन्या बंद पडल्या किंवा विकल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या फ्लॉपी कोणाच्या माळ्यावरही उरल्या नाहीत.

आणि काही चिपपुढे वर सांगितलेली सारी युक्ती थिटी पडते. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि नव्वदीत पॅलच्या जागी मोठ्या चिप आल्या, त्यांत पायांवर न दिसणारे फ्लिप-फ्लॉप असत. अवस्था दिसतच नसेल तर ती टिपणार कशी? इनपुटांची संख्या चाळिशीपर्यंत गेली की सगळ्या जोडण्या विचारून पाहणे हा पर्यायही राहत नाही. मेम प्रकल्पाच्या याद्यांत यंत्रातल्या मजकूर साठवणाऱ्या चिपची नोंद असते, आणि अशा कित्येक चिपपुढे फाइलीऐवजी ‘नो डंप’, म्हणजे मजकूर काढलेला नाही, एवढा शेरा आहे. कार्डांच्या बाबतीतही नोंद ठेवायची रीत तीच: चिपची जात, बोर्डावरची जागा, पट्टीवरचा मजकूर, नकाशा थेट वाचला की बाहेरून काढला, कोणत्या अवस्था तपासायच्या राहिल्या, आणि भरलेली चिप खऱ्या कार्डावर चालवून पाहिली की नाही. यांतला शेवटचा रकाना बहुतेक नोंदींत रिकामा असतो, कारण चिप वाचणाऱ्याच्या हाती पुष्कळदा नुसती चिप असते, तिचे चालू कार्ड दुसऱ्याच कोणाकडे.